तेवीस पानांची प्रस्तावना

"गुऱ्हाळं सुरू झाली म्हणे," चहाचा कप पुढं करत ही म्हणाली, आणि माझा चहा तिथंच कडू झाला.

ही म्हणजे मंगल, माझी बायको. तिचं काही चुकलं नाही. गुऱ्हाळं दरवर्षीच सुरू होतात. आकाशकंदील उतरायच्या सुमाराला उसानं लादलेले दोन-दोन ट्रेलर ओढत ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, मागं मोटारींची शेपटी लागते, ट्रॅक्टरवाला कर्कश गाणी लावून आपल्याच राज्यात असतो. शहर सुटलं की कुठल्यातरी वळणावर रस कढल्याचा तो वास येतो. गोड, धुरकट, जरासा करपट. कोल्हापूरचा माणूस या वासानं खुळा होतो. गाडीची काच खाली करतो, छाती भरून घेतो आणि शेजारी बसलेल्या परगावच्या पाहुण्याला "घ्या की, घ्या" असा आग्रह करतो, जणू वास त्याच्या घरचाच आहे.

मी काच वर करून घेतो. कारण अशाच एका हंगामात मी एक लेखिका घडवायला घेतली होती.

'घडवणं' हा त्या काळातला माझा लाडका शब्द. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात मीच जाहीर केलं, की उरलेलं आयुष्य नवे लेखक घडवण्यात घालवणार. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मंगलनं विचारलं, "सोताचं घडवून झालं व्हय?" माझ्या नावावर एक कवितासंग्रह होता. तो माझ्याखेरीज निदान मुद्रितशोधकानं तरी वाचला असावा असं मी धरून चाललो होतो. पण छापून आलेल्या चुका बघितल्यावर तीही आशा उरली नाही.

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर क्लासची खोली होती. रविवारी सकाळी ती रिकामी असायची. फळ्यावर शनिवारची रसायनशास्त्राची समीकरणं, त्यांच्याखाली आमची बैठक. दहा-बारा पोरं-पोरी यायची. कविता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. खालून इंजेक्शन टोचलेल्या लेकरांचा टाहो वर यायचा आणि नेमका त्याच वेळी मी करुणरसावर बोलत असायचो. गुऱ्हाळाची उपमा तर मी दर रविवारी द्यायचो. "कढत्या रसात भेंडीचं पाणी घालतात, बरं का. त्यानं मळी वर येते, गुळव्या ती काढून टाकतो आणि रस निर्मळ होतो. संपादक म्हणजे ती भेंडी." पोरं हसायची. मला ते कौतुक वाटायचं. पोरांनी माझं नाव 'भेंडी सर' ठेवलंय हे मला दोन वर्षांनी कळलं.

सुवर्णा मागच्या बाकावर बसायची. सुवर्णा हे तिचं नाव नव्हे. तिचं गाव नेसरीकडचं. अलीकडचं की पलीकडचं ते सांगणार नाही. एवढं झाकायला शिकताना माझी सत्तरी उलटली. ती पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघायची, डोक्याला स्कार्फ गुंडाळून यायची. वही असलेली ती एकटीच. आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' म्हणतात तसं तीही म्हणायची, आणि वाचून दाखव म्हटलं की वही पुढं सरकवून म्हणायची, "तुम्हीच वाचा की सर. मला मोठ्यानं वाचायला न्हाई जमत."

तिच्या वहीतली एक गोष्ट मला आजही जवळजवळ पाठ आहे. मलकापूरची एक बाई. नवरा मुंबईला असतो, असं ती गावाला सांगते. दरवर्षी भात निघालं की तांदळाची एक पिशवी स्वतःच्या हातानं शिवते, कुणाकडून तरी तिच्यावर नवऱ्याचं नाव घालून घेते, आणि मुंबईच्या गाडीत चढवून येते म्हणून सगळ्यांदेखत एसटीत बसते. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरते. तिथून चालत एका वसतिगृहात जाते, पिशवी तिथल्या स्वयंपाकघरात देते आणि दिवस मावळायच्या आत घरी परतते. अशी वीस वर्षं. नवऱ्यानं कधीच दुसरं घर केलंय. त्याचा पत्ता तिच्याकडं नाही. एका वर्षी शेजारची लहान पोरगी हट्टानं तिच्याबरोबर जाते आणि हे सगळं बघते. बाई तिला काही सांगत नाही, कुणाला सांगू नको असंही म्हणत नाही. स्टँडवर भजी खायला घालते. 'पोरीनं भजी खाल्ली आणि ती मोठी झाली,' असं शेवटचं वाक्य.

वाचून झालं आणि मला हेवा वाटला. मला हेवा वाटला की मी दुरुस्त्या काढतो.

म्हटलं, "गोष्ट बरी आहे. पण या तांदळाला वास नाही. तू मलकापूर बघितलंयस का कधी?"

"एकदा. गाडीतनं."

"मग? आपल्या मातीतलं लिहावं. अनुभवाशी इमान हवं."

ती वहीच्या कोपऱ्याची घडी घालत राहिली, उलगडत राहिली.

आता मी गप्प बसावं की नाही? पण मार्गदर्शक गप्प बसला तर त्याला मार्गदर्शक कोण म्हणणार! मी सगळ्या बैठकीला अनुभव घ्यायला म्हणून थेट सुवर्णाच्या गावच्या गुऱ्हाळावर नेलं. एक गाडी ठरवली, पोरांना वह्या घ्यायला लावल्या. पौषातली सकाळ होती. चिपाडाच्या ढिगांवर दव, चुलवाणाच्या तोंडाशी लालभडक जाळ, आणि काहिलीत रस उसळत होता. पोरं फोटो काढण्यात गुंतली. मी गुळव्याजवळ गेलो. उघडा, घामानं निथळणारा, साठीचा माणूस. काहिलीवरची नजर न काढता त्यानं विचारलं, "काय करतायसा, पावणं?"

"लेखक घडवतो."

"आं?"

"ही पोरं आहेत ना, यांना लेखक म्हणून घडवतो."

त्यानं पाकाचा थेंब पाण्यात टाकला, बोटांत गोळी वळून बघितली आणि म्हणाला, "आसं व्हय. मग कशात वततायसा त्येस्नी?"

पोरं खो खो हसली. मीही हसलो. आज वाटतं, माझ्या उभ्या आयुष्यात साहित्यावर मला कुणी विचारलेला तो सगळ्यात नेमका प्रश्न होता आणि मी तो हसण्यावारी नेला.

तिथून सुवर्णाच्या घरी चहाला गेलो. शेणानं सारवलेली ओसरी, कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या गुळाच्या ढेपा. सुवर्णाची आत्या, तिची आत्ती, चहा घेऊन बाहेर आली. गुळाचा चहा, पितळी कपांत. हिरव्या काठाचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एक ढेप वेगळी काढून कोऱ्या फडक्यात बांधून ठेवलेली मला दिसली. मी सहज विचारलं, म्हणजे मला वाटलं की सहज विचारलं, "ही कुणाला?"

"मालकास्नी. म्हमईला धाडायची हाय," आत्ती म्हणाली.

"येतात का ते गावाकडं?"

"येत्यात की. सवड व्हयल तसं." मग माझ्या कपाकडं बघून, "आनी जरा वतू? च्या ग्वाड झालाय न्हवं?"

कप खाली ठेवताना माझे डोळे चमकले असणार, कारण दाराशी उभ्या सुवर्णाचा चेहरा उतरला. तांदूळ नव्हताच, गूळ होता. मलकापूर नव्हतं, हेच गाव. शेजारीण नव्हती, आत्ती. एखाद्या संशोधकाला माळ्यावरच्या रद्दीत पोथी सापडावी तसं मला झालं.

परतीच्या वाटेवर गाडीपर्यंत सोडायला आली तेव्हा सुवर्णा हळूच म्हणाली, "सर, कुणाला बोलू नका."

"छे छे! मी कशाला बोलतोय?"

आणि मी शब्द पाळला. कुणाला बोललो नाही. लिहिलं फक्त.

पुढच्या रविवारी मी तीन दुरुस्त्या सांगितल्या. तांदळाचा गूळ कर, मलकापूरचं तुझं गाव कर, शेजारणीची आत्या कर. ती म्हणाली, "तांदूळच ऱ्हाऊ दे की सर." मी फळ्यावरच्या समीकरणांवर पाठ टेकवून अर्धा तास बोललो. अस्सलपणा, मुळं, माती, धाडस. खाली कुणाचं तरी लेकरू रडत होतं. अखेर ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर." मराठी साहित्याचं किती नुकसान या तीन शब्दांनी केलंय त्याची मोजदाद कुणी केलेली नाही. मी ते शब्द ऐकले आणि मला वाटलं, पोरगी तयार झाली. गोष्टीतला कोल्हापूरचा स्टँडही मग तिनं खरा, म्हणजे गडहिंग्लजचा केला.

तिनं आपल्या हातानं आत्तीवर पांघरूण घातलं होतं. मी ते कच्चं लेखन समजलो.

माझ्या एका प्रकाशक मित्रानं पुस्तक काढायचं कबूल केलं. नऊ गोष्टी, शंभरएक पानं. आपल्याकडं नव्या लेखकाचं पुस्तक वडीलधाऱ्याच्या प्रस्तावनेशिवाय बाहेर पडत नाही. सुनेनं डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू नये, तसं ते आहे. मी प्रस्तावना लिहायला बसलो आणि ती तेवीस पानं झाली. मित्र म्हणाला, "अरे, बाळापेक्षा बाळंतविडा मोठा झाला की!" मी म्हटलं, "छाटायची नाही. एक ओळ नाही." सुवर्णाला ती दाखवावी असं माझ्या मनातही आलं नाही. प्रस्तावना म्हणजे आशीर्वाद. आशीर्वाद काय आधी दाखवून मंजूर करून घेतात?

त्या तेवीस पानांतला अठराव्या पानावरचा एक परिच्छेद मला फार साधला होता. इथं उतरवत नाही, कारण तो पुरेसा वाजलाय. कुठं वाजला, ते सांगतो.

पुढचा हंगाम सरत आला होता. गावच्या शाळेनं सुवर्णाचा सत्कार ठरवला. पटांगणात मांडव, चिंचेच्या झाडावर चारी दिशांना तोंडं केलेले कर्णे. मला फेटा बांधला. फेट्यात मी चांगला दिसतो असा माझा समज आहे, मंगलचा नाही. बायकांच्या रांगेत पुढंच आत्ती बसलेली, मांडीवर ओवाळणीचं ताट. तिची भाची लेखक झाली होती. म्हणजे नक्की काय झाली होती ते तिला ठाऊक नसावं, कारण आत्तीला वाचता येत नाही. पण ताटात तिनं गूळ ठेवला होता.

हेडमास्तर बोलायला उठले. पुस्तक त्यांच्या हाती आदल्या दिवशी पडलेलं. गोष्टी वाचायला वेळ कुठला? प्रस्तावना वाचली की भाषण होतं, ही युक्ती मीही जन्मभर वापरली आहे. त्यांनी चष्मा लावला, म्हणाले, "आता आदरणीय सरांच्याच शब्दांत सांगतो," आणि अठरावं पान उघडलं.

मग कर्ण्यांतून माझा परिच्छेद गावभर गेला. या कथेतली आत्या कल्पित नाही. मी तिच्या हातचा गुळाचा चहा प्यालो आहे. गावाला ठाऊक असलेला तिचा संसार खोटा आणि तिचं एकटेपण खरं आहे. जी ढेप मुंबईला जाते म्हणून गाव समजतं, ती गडहिंग्लजच्या पुढं कधी गेलेलीच नाही. असं सगळं, माझ्या घोटीव मराठीत, गुऱ्हाळापर्यंत, रानात ऊस तोडणाऱ्यांपर्यंत.

आणि तेव्हा मी काय करत होतो? हे लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी वाक्यांच्या लयीकडं कान देऊन होतो. हेडमास्तरांनी एक स्वल्पविराम खाल्ला, त्यावर मनात चरफडत होतो.

बायकांच्या रांगेतली चुळबुळ थांबली तेव्हा मी मान वर केली. कुणी आत्तीकडं बघत नव्हतं. इतक्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी एका बाईकडं न बघणं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सुवर्णा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिनं पायातल्या चपला काढून ठेवल्या होत्या. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

भाषण संपलं. टाळ्याही झाल्या, सवयीनं. ओवाळणीची वेळ आली आणि आत्ती उठली. हातातलं ताट जराही हललं नाही. आधी तिनं भाचीला ओवाळलं. मग माझ्यापुढं आली, फेट्याखाली जागा शोधून कुंकू लावलं, गुळाचा खडा माझ्या तोंडाशी धरला आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, च्या ग्वाड झालता न्हवं त्या दिवशी?"

मी तो गूळ खाल्ला. सगळ्यांदेखत थुंकणार कुठं?

आठ दिवसांनी भर दुपारी सुवर्णा घरी आली. मंगल चहा टाकायला उठली तर म्हणाली, "नको काकू, गाडी हाय." तिच्या नव्या कादंबरीची वही माझ्याकडं होती. तीच न्यायला आली होती. मी बोलायला लागलो. म्हटलं, समाज काय दोन दिवस बोलतो, लेखकाला हे सोसावंच लागतं, तुझ्यात प्रतिभा आहे. तिनं पुरतं बोलू दिलं. आमच्या पोरी भांडायला उठल्या तर गल्ली गोळा करतात; ही गप्प बसलेली बघून मला जास्त भीती वाटली.

"आत्तीला वाचता येत न्हाई सर," ती म्हणाली. "म्हणून तर लिवलं होतं मी."

"पण गावाला कधीतरी कळणारच होतं की..."

"गावाला म्हाईत हुतं. पयल्यापासनं. म्हाईत असणं येगळं, कर्ण्यावर येणं येगळं. समदी इचारायची, 'मालक बरं हाईत न्हवं?' ती म्हणायची, 'बरं हाईत.' झालं. आता कुणी इचारत न्हाई तिला."

मंगल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आत गेली, वही घेऊन आली, पदरानं पुसली आणि सुवर्णाच्या हातात दिली. ती वही कपाटात कुठं होती हे तिला ठाऊक होतं, म्हणजे तिनं ती वाचली होती. मी पहिली चार पानंच वाचली होती. प्रस्तावनेत गुंतलो होतो ना!

त्यानंतर आत्ती कधी ढेप घेऊन एसटीत बसली नाही. वीस वर्षं गावानं तिच्याबरोबर मिळून एक गोष्ट रचली होती. एकानं विचारायचं, तिनं सांगायचं, दुसऱ्यानं मान हलवायची. एवढी चांगली गोष्ट माझ्या बैठकीत कुणी लिहिली नसती. तिला प्रस्तावनेची गरज नव्हती.

पुस्तकाला पुढं एक पुरस्कार मिळाला. मानपत्रात 'अभ्यासपूर्ण प्रस्तावनेचा' खास उल्लेख होता. सुवर्णा गेली नाही. तिच्या वतीनं कोण गेलं, हे विचारू नका. शाल आमच्या घरी आहे. मंगल ती इस्त्रीखाली अंथरते. पेपरातल्या फोटोत मी मधोमध आहे.

रविवारची बैठक मी बंद केली. तरी पोरं येतात, "सर, दोन शब्द लिहून द्या" म्हणतात. मी म्हणतो, माझे शब्द तेवीस पानांतच संपले. त्यांना तो विनय वाटतो. सुवर्णा गडहिंग्लजकडं कुठल्याशा शाळेत विज्ञान शिकवते म्हणे. लिहिते की नाही, कुणाला माहीत नाही. दरवर्षी दिवाळी अंक आले की मी अनोळखी नावाच्या बायकांच्या गोष्टी आधी काढतो. वाक्य कुठं थांबतं ते बघतो. भजी खाऊन मोठी झालेली एखादी पोर भेटते का बघतो. आजवर भेटली नाही. भेटली, तरी यापुढं मी सांगणार नाही.

पण हंगाम काही चुकत नाही. पुढच्याच वर्षी मंगल म्हणाली, "जाऊन या एकदा. रिकाम्या हातानं जाऊ नका." मी मार्केट यार्डातून एक ढेप आणली. गुळाच्या गावाला गूळ घेऊन जाणारा माझ्यासारखा मीच. तिनं ती कोऱ्या फडक्यात बांधून दिली. एसटीत मांडीवर ढेप घेऊन बसलो. पाया पडायचं, दोन वाक्यं बोलायची, निघायचं. वाक्यं पाठ केली होती. गडहिंग्लजला गाडी थांबली. तिथून गाव काही फार लांब नव्हतं. कंडक्टरनं विचारलं, "फुडं जायाचं हाय न्हवं, पावणं?" मला नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं.

मी उतरलो. स्टँडवर कितीतरी वेळ उभा राहिलो. मग विचारत विचारत एका वसतिगृहाशी गेलो. स्वयंपाकघरातल्या बाईंनी ढेप घेतली आणि विचारलं, "कुणाच्या नावानं लिवू?" मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे." त्यांना त्यात नवल वाटलं नाही. स्टँडवर येऊन भजी घेतली. खाल्ली नाहीत.

घरी आलो तर मंगल दारातच. "भेटल्या?"

"भेटल्या की."

"काय म्हणाल्या?"

"बसा म्हणाल्या. चहा दिला."

"आणि सुवर्णा?"

"बरी आहे."

तिनं मान हलवली आणि पाणी आणायला आत गेली.

तेव्हापासून दरवर्षी जातो. आजही सकाळी गुऱ्हाळांचा विषय काढून ही तिथंच थांबली नाही. फडकं धुऊन वाळत घातलंय. आल्यावर ती तेच विचारेल, मी तेच सांगेन, आणि ती मान हलवेल. दरवर्षी मी त्यात थोडी भर घालतो. गेल्या वर्षी आत्तीनं हिची चौकशी केली होती. यंदा ओसरीला फरशी बसवलीय, असं सांगावं म्हणतो.

माझं छापून आलेलं मंगल वाचत नाही, म्हणून हे लिहायला धजलो. वाचणाऱ्यांना एवढीच विनंती, की हे मनातल्या मनात वाचावं.